ताप उतरल्यानंतर

गेल्या श्रावणांत कांहीं घरगुती कामानिमित्त आम्हांस सोयगांव येथें आठ दिवस राहण्याचा योग आला. छत्रपति संभाजीनगर जिल्ह्याच्या अगदीं उत्तरेस, अजिंठ्याच्या डोंगररांगेखालीं, खानदेशाकडे तोंड करून बसलेलें हें तालुक्याचें गांव. सभोंवार कपाशीचीं हिरवीं शेतें, पाठीशीं ढगांत बुडालेला घाट, आणि मोठें आजारपण आलें कीं जळगांवची वाट धरण्याचा परिपाठ. आमच्या भाचीचें सासर येथेंच आहे. आम्ही पोंचलों तेव्हां घरावरील संकट टळून गेलें होतें. परंतु संकट टळल्यावर घरांत जो निवांतपणा यावा, तो मात्र कोठें दिसेना.

भाचीचा अडीच वर्षांचा मुलगा महिन्यापूर्वीं फुप्फुसाच्या दाहानें, म्हणजे ज्यास आतां सर्वजण न्यूमोनिया म्हणतात त्या विकारानें, अंथरुणास खिळला होता. श्वास भात्यासारखा चालूं लागला, बरगड्यांखालची कातडी श्वासागणिक आंत ओढली जाऊं लागली, तेव्हां त्यास रातोरात बालरोगतज्ज्ञांकडे नेलें. त्यांनीं प्रतिजैविक औषध, घरोघरीं ज्याला अँटिबायोटिक म्हणतात तें, सुरू केलें, आणि चौथ्या दिवशीं मूल उठून बसलें. परंतु औषध चालू असतांना त्याचें पोट बिघडलें; दिवसांतून पांचसहा वेळां पातळ शौचास होऊं लागलें. औषध संपल्यावर तें थांबलें, तरी भूक मंद राहिली, गाल बसले, आणि पूर्वीं अंगणभर धांवणारें तें पोर आजीच्या मांडीवरून उठेना.

या एका गोष्टीवरून घरांत तीन पक्ष झाले होते. विहीणबाईंचें म्हणणें असें कीं, “त्या औषधानं पोराचं पोट पार धुऊन काढलं, आमच्या वेळी अशी औषधं नव्हती, तरी पोरं वाढलीच ना?” भाचेजावयांनीं वाद घातला नाहीं, ते जळगांवास गेले आणि पिशवी भरून वस्तु घेऊन आले. उपकारक जंतूंच्या दोन प्रकारच्या पुड्या, प्रतिकारशक्ति वाढविण्याचा दावा करणारी एक बाटली, एक शक्तिवर्धक, आणि दुधांत घालावयाचें गोड पीठ. फळीवर मांडलेल्या या पांच वस्तूंकडे पाहून त्यांच्या मनाचें समाधान होत असे. तिसरा पक्ष भाचीचा; आणि ती कांहींच बोलत नसे. एके दिवशीं दिवेलागणीनंतर मूल झोंपलें असतां तिनें आम्हांस हळूच विचारलें, “मामा, तुम्ही एवढं वाचता. खरं सांगा, मी त्याचं वाईट केलं का?”

आम्ही वैद्य नव्हों. परंतु हा प्रश्न जितका वैद्यकाचा तितकाच नीतीचा आहे, आणि म्हणूनच तो वाचकांपुढें मांडण्याचें धाडस आम्ही करीत आहों. एखाद्याचें भलें करण्यासाठीं आपण जें केलें त्यानें त्याचें भलेंही झालें आणि कांहीं अंशीं नुकसानही झालें, तर त्या नुकसानाचे आपण देणेकरी होतों कीं नाहीं? आणि होत असलों, तर तें देणें फेडावयाचें कसें?

प्रथम नुकसान म्हणजे काय तें पाहूं. मनुष्याचें शरीर हें एकट्याचें घर नव्हे. २०१६ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका गणिताप्रमाणें प्रौढ पुरुषाच्या शरीरांत त्याच्या स्वतःच्या पेशी सुमारें ३० लाख कोटि, तर जंतु सुमारें ३८ लाख कोटि असतात. आणि यांतील बहुतेक वस्ती मोठ्या आंतड्यांत असते. बाळ जन्मास येतांच ही वस्ती बसूं लागते. आईच्या अंगापासून, तिच्या दुधापासून, पुढें अन्न, माती, भावंडें, गुरेंढोरें यांच्या सहवासांतून एकेक रहिवासी येत जातो. सुमारें तीन वर्षांच्या वयास तिला प्रौढासारखें रूप येऊं लागतें. आईच्या दुधांत कांहीं शर्करा अशा असतात कीं त्या बाळास स्वतःला पचवितांच येत नाहींत. निसर्गानें त्या बाळासाठीं ठेविल्या नसून बाळाच्या पोटांतील या रहिवाशांसाठीं ठेविल्या आहेत! हे जंतु फुकट राहत नाहींत. आपणांस न पचणारे धान्याभाज्यांचे तंतु ते आंबवितात आणि आंतड्याच्या अस्तरास पोसणारीं आम्लें तयार करतात. रोगकारक जंतूंस बसावयास जागा उरूं देत नाहींत. आणि शरीराच्या रक्षकपेशींस लहानपणापासून शिक्षण देतात.

प्रतिजैविक औषध जंतूंस मारतें. परंतु फुप्फुसांतील शत्रु कोणता आणि आंतड्यांतील शेजारी कोणता हें तें ओळखत नाहीं. कांहीं दिवस आंतड्यांतील वस्ती विरळ होते, पोट बिघडतें, भूक मंदावते. पुढें कांहीं आठवड्यांत ती बव्हंशीं पुन्हां भरून येते. एखादी जात परतण्यास महिने लागतात, एखादी परततही नाहीं. विहीणबाईंच्या ‘धुऊन काढलं’ या शब्दांत अतिशयोक्ति आहे, पण असत्य नाहीं.

तर मग त्या जुन्या काळींच बरें होतें काय? येथें मात्र आम्ही विहीणबाईंशीं सहमत होऊं शकत नाहीं. “पोरं वाढलीच ना?” या प्रश्नांत जीं वाढलीं तीं मोजलीं जातात, जीं वाढलीं नाहींत त्यांची आठवण त्यांच्या आयांबरोबर गेली. फ्लेमिंगला पेनिसिलिनचा शोध १९२८ सालीं लागला. परंतु आपल्याकडील सामान्य घरांस तें सुलभ होण्यास पुण्याजवळ पिंपरी येथें १९५४ सालीं हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना निघावा लागला. त्यापूर्वींच्या कोणत्याही घराण्याची वंशावळ उघडून पाहावी. ‘बालपणीं वारला’, ‘बालपणीं वारली’ हे शब्द तींत किती वेळां येतात तें वाचकांनींच मोजावें.

आणि फार मागें जाण्याचेंही कारण नाहीं. गडचिरोली जिल्ह्यांत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेनें १९८० नंतरच्या दशकाच्या अखेरीस खेड्यांतील अल्पशिक्षित माणसांस एक साधी गोष्ट शिकविली: मुलाचे श्वास मोजणें. एका मिनिटांत श्वास ठराविक संख्येहून अधिक झाले, तर न्यूमोनिया समजून प्रतिजैविक औषध द्यावयाचें. नसतील, तर तें द्यावयाचें नाहीं. ही संख्या दोन महिन्यांपासून वर्षापर्यंतच्या बाळास ५० आणि वर्षापासून पांच वर्षांपर्यंतच्या मुलास ४० अशी धरतात. १९९० सालीं या प्रयोगाची हकीकत ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय पत्रांत प्रसिद्ध झाली. ज्या गांवांत हा उपाय झाला तेथें न्यूमोनियानें होणारे बालमृत्यू इतर गांवांच्या मानानें निम्म्याहून कमी भरले. पुढें १९९९ सालीं त्याच पत्रांत ३९ गांवांतील नवजात बालकांच्या घरगुती शुश्रूषेचा वृत्तांत आला; त्या शुश्रूषेंत जंतुदोष झालेल्या बाळास गांवांतीलच स्त्रीनें प्रतिजैविकाची सुई देण्याचाही समावेश होता. तेथें नवजात बालकांचे मृत्यू तुलनेनें ६२ टक्क्यांनीं घटले.

आम्हीं भाचीस हेंच सांगितलें. तिच्या मुलाचा श्वास भात्यासारखा चालला होता. तेव्हां औषध न देणें हेंच त्याचें वाईट करणें झालें असतें. जेथें दोन हितांपैकीं एकच साधणें शक्य असतें तेथें मोठें हित साधून लहानाची हानि पत्करणारा मनुष्य अपराधी ठरत नाहीं. मात्र अपराधी नसणें आणि देणेकरी नसणें या दोन भिन्न गोष्टी आहेत. शेजाऱ्याच्या घराची आग विझवितांना त्याच्या धान्यावर पाणी पडलें, तर विझविणारा गुन्हेगार ठरत नाहीं. पण तें धान्य वाळत घालावयास दुसरे दिवशीं त्यानें हातभार लावावा, एवढी अपेक्षा आपण करतोंच. भाचीनें अपराधाची भावना टाकावी आणि देण्याची भावना तेवढी ठेवावी, असा आमचा सल्ला होता.

परंतु मनांतील अपराध सहज जात नाहीं. तो प्रायश्चित्त मागतो. आणि हल्लींच्या दिवसांत प्रायश्चित्त दुकानांत विकत मिळतें. भाचेजावयांच्या त्या पांच वस्तु म्हणजे प्रेमच होतें, यांत आम्हांस शंका नाहीं. मात्र त्या प्रेमाचा रोख मुलाच्या पोटाकडे जितका होता तितकाच स्वतःच्या अस्वस्थतेकडेही होता. कांहींतरी केलें पाहिजे, आणि तें दिसलें पाहिजे, ही संकटांतून नुकत्याच सुटलेल्या मनाची तहान असते.

त्या वस्तूंवर आम्ही अन्याय करूं इच्छीत नाहीं. उपकारक जंतूंच्या पुड्या सर्वस्वीं निरुपयोगी आहेत असें नव्हे. मुलांवरील ३३ प्रयोगांचा एकत्र विचार करून २०१९ सालीं प्रसिद्ध झालेला एक आढावा असें सांगतो कीं, प्रतिजैविकाबरोबरच असे जंतु दिलेल्या मुलांत शेंकडा ८ जणांस जुलाब झाले, तर न दिलेल्यांत शेंकडा १९ जणांस. हा फरक थोडा नव्हे. पण तो औषध चालू असतांना दिलेल्या, विशिष्ट जातींच्या, विशिष्ट प्रमाणांतील जंतूंचा आहे. औषध संपून जुलाब थांबल्यावर आणलेल्या कोणत्याही पुडीचा नव्हे. शिवाय अतिशय आजारी, अपुऱ्या दिवसांच्या किंवा प्रतिकारशक्ति क्षीण झालेल्या बालकांस त्यांपासून अपायही होऊं शकतो. उलट २०१८ सालीं इस्रायलमधील संशोधकांनीं थोड्या प्रौढ व्यक्तींवर प्रयोग केला, त्यांत असें दिसलें कीं, प्रतिजैविकानंतर अशा तयार जंतूंचें मिश्रण घेणाऱ्यांच्या पोटांतील मूळची वस्ती परतण्यास, कांहींच न घेणाऱ्यांहून अधिक विलंब लागला. मुलांस हा निष्कर्ष जसाच्या तसा लागू करतां येणार नाहीं. परंतु बाहेरून आणून बसविलेले उपकारकर्तेही मूळच्या रहिवाशांची वाट अडवूं शकतात, एवढा इशारा त्यांत आहेच.

दुसऱ्या दिवशीं पाऊस उघडला म्हणून आम्ही अजिंठ्याचीं लेणीं पाहावयास गेलों. लेण्यांच्या पायथ्याचें फर्दापूर हें सोयगांव तालुक्यांतच मोडतें. मंद प्रकाशांत भिंतीवरील चित्रें पाहतांना कांहीं ठिकाणीं रंगांवर पिवळट काळसर झांक दिसते, तिची हकीकत आम्हीं पूर्वीं वाचली होती. त्या दिवशीं ती नव्यानें आठवली. १९२० ते १९२२ या काळांत निजाम सरकारनें इटलीहून चेक्कोनी व ऑर्सिनी या दोन जाणत्या जीर्णोद्धारकांस बोलाविलें. चित्रांचा गिलावा भिंतीपासून सुटून पडत होता. त्यांनीं सुटत चाललेला गिलावा पुन्हां पक्का केला. आज जें दिसतें त्यांतील पुष्कळ त्यांनीं वांचविलें. परंतु त्यांनीं चित्रांवर लाखेचें रोगणही चढविलें. प्रथम त्यानें रंग उजळले. पुढें तेंच रोगण पिवळें पडलें, त्यावर धूळ बसली, त्यास भेगा गेल्या, आणि पुढील काळांत पुरातत्त्व खात्याच्या रसायनज्ञांस तें अत्यंत सावकाशीनें काढीत बसावें लागलें.

गिलावा पक्का करणें हें आवश्यक होतें. रोगण हें मनाच्या समाधानासाठीं होतें. दोन्ही कामें एकाच हातांनीं, एकाच सद्भावनेनें झालीं. तीं ज्यांनीं केलीं त्यांस त्यांतील भेद त्या वेळीं दिसला नाहीं, म्हणून आम्ही त्यांस दोष देत नाहीं. पण तो भेद आहे. आमच्या भाचीच्या मुलास दिलेलें औषध हें गिलावा सांवरणें होतें. फळीवरच्या त्या पांच वस्तूंत रोगणाचा अंश बराच होता.

‘प्रतिकारशक्ति वाढविणें’ हा शब्दप्रयोगही येथें तपासून पाहण्याजोगा आहे. जणू ती शक्ति म्हणजे रांजणांतील पाणी. ओतलें कीं वाढलें! वस्तुतः तिचें काम निवडीचें आहे. शत्रूवर तुटून पडावयाचें, आणि अन्नाचा कण, फुलाचा पराग, स्वतःची पेशी व पोटांतील मित्रजंतु यांस निर्विघ्न राहूं द्यावयाचें, हें दुहेरी काम तिला येतें तेव्हांच ती निरोगी असते. नुसती वाढलेली आणि निवड विसरलेली शक्ति दम्यांत, अंगावरील पित्तांत आणि शरीराच्या स्वतःवरच चाल करून जाणाऱ्या रोगांत दिसून येते. ही निवड बाटलीनें शिकवितां येत नाहीं. पोटांतील वस्ती, हळूहळू होणारी जगाची ओळख आणि वेळच्या वेळीं टोंचलेल्या लशी हे तिचे शिक्षक होत. आणि शिक्षणास वेळ लागतो.

येथवर ऐकून भाची म्हणाली, “म्हणजे मी आता काहीच करायचं नाही का?” तिच्या आवाजांत थोडी नाराजी होती, आणि ती रास्त होती. ‘कांहीं करूं नको’ हा सल्ला देणाऱ्यास फार सोपा आणि आईस फार कठीण असतो.

करावयाचें पुष्कळ आहे. परंतु त्यांत मिरविण्यासारखें कांहीं नाहीं. अंगावर पिणारें मूल असेल तर तें पिणें औषध चालू असतांनाही आणि नंतरही बंद पडूं देऊं नये. मोठ्या मुलास घरांतील नेहमींचें अन्न थोडें थोडें, वारंवार द्यावें: मुगाची खिचडी, वरणभात, ताकांत किंवा वरणांत कुसकरलेली ज्वारीची भाकरी, शिजविलेला भोपळा, आणि खानदेशच्या वेशीवर राहणाऱ्यांस ज्याची कधीं वाण पडत नाहीं तें केळें. या साध्या अन्नांतील तंतूंवरच परतणारी वस्ती पोसली जाते. घरचें ताजें दहीं, ताक अवश्य द्यावें. मेचनिकॉफ या रशियन शास्त्रज्ञानें १९०७ सालींच आंबट दुधाची थोरवी गायिली होती. मात्र दह्यांतील जंतु बहुतांशीं वाटसरू असतात. ते पोटांत कायमचें बिऱ्हाड करीत नाहींत, म्हणून दह्यास अन्न समजावें, औषध समजूं नये. वर्षाच्या आंतील बाळास गुटींतूनसुद्धां मध चाटवूं नये. त्यापासून क्वचित् पण भयंकर विषबाधा होते. भूक नाहीं म्हणून मागें लागून भरवूं नये, आणि गोड पिठांनीं भूक मारूंही नये. जेवणापूर्वीं व शौचानंतर हात साबणानें धुवावे. पण मुलास अंगणापासून, मातीपासून आणि इतर मुलांपासून तोडूं नये. साधें प्रतिजैविक घेतलें एवढ्यावरून नेहमींच्या लशी लांबवूं नयेत. तारखेविषयीं डॉक्टरांस विचारावें.

जुलाब पुन्हां सुरू झाले तर मीठसाखरेचें तयार मिश्रण, ज्यास ओआरएस म्हणतात तें, पुडीवर लिहिलेल्या प्रमाणांतच पाण्यांत कालवून द्यावें, आणि जस्ताच्या गोळ्यांविषयीं डॉक्टरांस विचारावें. शौचांतून रक्त पडलें, लघवी कमी झाली, डोळे खोल गेले, मूल पिईनासें किंवा उठविल्यास उठेनासें झालें, ताप उलटला किंवा श्वास पुन्हां जलद झाला, तर मात्र आमच्यासारख्याचा निबंध बाजूस ठेवून तत्काळ डॉक्टरांकडे धांवावें. धीर धरणें म्हणजे डोळे मिटून बसणें नव्हे. गडचिरोलीच्या त्या माणसांनीं श्वास मोजले, म्हणून कोणास औषध द्यावें हें त्यांस कळलें, आणि तितकेंच महत्त्वाचें म्हणजे कोणास देऊं नये हेंही कळलें.

यावर एक आक्षेप भाचेजावयांनीं घेतला, आणि तो आम्हांस खोडून काढतां आला नाहीं. ते म्हणाले, “मामा, धीर शहरातल्या माणसाला परवडतो. त्याला माहीत असतं की उद्या डॉक्टर भेटेल. इथे घाटात दरड कोसळली, गाडी मिळाली नाही, तर? म्हणून माणूस आजच मोठं औषध मागतो.” हें खरें आहे. ज्यास उद्यांची खात्री नाहीं त्यास आजच्या अतिरेकाबद्दल नांवें ठेवणें अन्याय आहे. सबुरीचा उपदेश करणाऱ्या समाजानें खेड्यांत डॉक्टर, परिचारिका आणि रस्ता पुरविण्याचें आपलें देणेंही मान्य केलें पाहिजे. नाहीं तर तो उपदेश म्हणजे भरल्या पोटीं सांगितलेली उपवासाची महती होय. तरीपण भाचेजावयांस आम्हीं एक आमचीच गोष्ट सांगितली.

आमची मुलगी तीन वर्षांची असतांना तिला सर्दीताप आला. घरांत थोरल्याच्या आजारपणांतील पातळ प्रतिजैविकाची अर्धी बाटली उरली होती. रात्रीची वेळ, कोण डॉक्टरांकडे जातो म्हणून आम्हीं तीच तिला दोन दिवस पाजली. वस्तुतः सर्दी विषाणूंनीं होते आणि विषाणूंवर हें औषध चालतच नाहीं. शिवाय पाणी घालून तयार केलेलें तें औषध आठपंधरा दिवसांत निकामी होतें. ताप तिसऱ्या दिवशीं उतरला, जसा तो एरव्हींही उतरला असता. आम्हीं श्रेय बाटलीस दिलें. त्या हिंवाळ्यांत तीच युक्ति आम्हीं आणखी दोनदां केली. मुलीस दिसण्यासारखा अपाय झाला नाहीं. आणि अपाय दिसला नाहीं म्हणून ती चूक आम्हांस वर्षानुवर्षें चूक वाटली नाहीं. ज्या अपराधाची शिक्षा अपराध्यास होत नाहीं तो ओळखणें फार कठीण असतें.

शिक्षा होते, पण ती इतरांस होते. फ्लेमिंगनें १९४५ सालीं नोबेल पारितोषिक स्वीकारतांनाच इशारा दिला होता कीं, अपुऱ्या मात्रेंत घेतलेलें पेनिसिलिन जंतूंस मारण्याऐवजीं त्यास दाद न देण्यास शिकवील. तसेंच झालें. औषधांस दाद न देणाऱ्या जंतूंमुळें २०१९ या एका वर्षांत जगांत १२ लाख ७० हजार मनुष्यें दगावलीं, असा अंदाज १९२२ सालीं नव्हे, तर अगदीं अलीकडे २०२२ सालीं ‘लॅन्सेट’मध्यें छापून आला. आमच्या घरीं विनाकारण पाजलेला प्रत्येक चमचा, ज्या बाळाचा श्वास खरोखर भात्यासारखा चालला आहे त्याच्या औषधाची धार थोडी बोथट करतो. त्या बाळाचें नांव आम्हांस ठाऊक नाहीं, आणि म्हणूनच त्याच्याविषयींचें कर्तव्य विसरणें इतकें सोपें जातें. औषधाच्या पाकिटावर जी उभी तांबडी रेघ असते ती हेंच सांगण्यासाठीं आहे: डॉक्टरांच्या लेखी सल्ल्यावांचून हें घेऊं नये. सांगितलें असतां सांगितले तितके दिवस द्यावें. उरलें तें पुढच्या तापासाठीं जपून ठेवूं नये.

तात्पर्य, देणें फेडण्याचा मार्ग आणखी एक औषध शोधण्यांत नाहीं. औषधास निवड करतां येत नाहीं. ती आपण करावयाची असते. देण्यापूर्वीं श्वास मोजून ती करावी, आणि दिल्यानंतर हात आंवरून, साधें अन्न वाढून, मुलाच्या शरीरास आपलें काम करण्यास अवसर देऊन ती पुरी करावी. यांपैकीं पहिल्या भागास शाबासकी मिळते. दुसऱ्यास मिळत नाहीं. तो भाग बहुधा घरांतील स्त्रियांच्याच वांट्यास येतो, आणि म्हणूनच कदाचित् त्याची किंमत आपल्या लक्षांत येत नाहीं. विहीणबाई औषधाविषयीं चुकल्या होत्या. परंतु रोज सकाळीं ताक घुसळून, भाकरीचा पापुद्रा काढून, नातवाच्या मागें न लागतां त्याच्या शेजारीं बसून राहण्यांत त्या आम्हां सर्वांहून अधिक बरोबर होत्या.

आम्ही निघण्याच्या आदल्या दिवशीं भाचेजावयांनीं बालरोगतज्ज्ञांस दूरध्वनीवरून विचारलें. मुलाचें वजन आणि पोटाची हकीकत ऐकून त्यांनीं पांचांपैकीं एकाही वस्तूची आतां गरज नाहीं असें सांगितलें. भाचेजावयांस त्या टाकवेनात. पैसे पडले होते, आणि प्रेमही. त्यांनीं त्या फळीवरून काढून कपाटांत ठेविल्या. भाचीनें भिंतीवरच्या दिनदर्शिकेंत दोन तारखांभोंवतीं खुणा केल्या: एक वजन करावयाची, दुसरी आजारपणांत राहून गेलेल्या लशीची.

सकाळीं आम्ही गाडीची वाट पाहत ओट्यावर बसलों होतों. मुलगा आजीच्या मांडीवरून उतरला, अंगणांतील ओल्या मातींत चार पावलें चालला, आणि परत येऊन त्यानें केळें मागितलें. अर्धें खाल्लें, अर्धें कोंबडीपुढें टाकलें. त्यास कोणी रागें भरलें नाहीं.